दोघांपैकी एक

धाकटीने नवऱ्याच्या काठीच्या टोकाला जुना मोजा चढवला, त्यावर दुसरा चढवला आणि दोरीने गच्च बांधून टाकलं. मग काठी जमिनीवर आपटून पाहिली. आवाज आला नाही.

"आता माझ्याच घरात मी चोरपावलांनी हिंडायचं का?" नवरा म्हणाला.

"खाली ताई आहेत."

खालच्या मजल्यावर धाकटीची मोठी जाऊ राहत होती. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच कारखान्यात वेल्डर. तिथली गॅसची टाकी फुटली तेव्हा दोघंही तिच्याजवळ होते. अठरा दिवस ते दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर पडून होते आणि दोघी जावा बाहेरच्या बाकावर एकमेकींचा हात धरून प्रार्थना करत होत्या. एकोणिसाव्या दिवशी थोरला गेला. धाकटा घरी आला, आणि तीन महिन्यांत जिनाही चढू-उतरू लागला.

आनंद पोटात मावत नव्हता आणि बाहेर काढायची सोय नव्हती, अशी धाकटीची गत झाली होती. नवरा मोठ्याने हसला तरी ती खिडक्या लावून घ्यायची. आज रविवार होता. चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून देवाने काय केलं ते सांग, साक्ष दे, असं पाळकांनी तिला सांगितलं होतं. डोकं दुखतंय, असा तिने निरोप धाडला. गेले सहा रविवार तिचं डोकं चर्चच्या वेळेला अगदी न चुकता दुखत होतं.

मोठी जाऊ दार ढकलून आत आली. हातात बायबल होतं.

"भाऊजी, तुम्ही पुढे निघा हळूहळू. तुमचा वेग मला ठाऊक आहे."

तो जिना उतरून जाईपर्यंत ती दारातच थांबली.

"साक्ष द्यायला नको म्हणालीस म्हणे."

धाकटी नळाखाली धुतलेलाच कप पुन्हा विसळू लागली. "तुमच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगू, ताई?"

"आणि लपवून काय करतेस? मला काय दिसत नाही?"

"तेवढंच नाही." धाकटीने मान वर केली नाही. "अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले ना, दोघांपैकी एखादाच वाचेल म्हणून? तेव्हापासून मी मनात एकच म्हणत होते. देवा, एकालाच ठेवणार असशील तर माझा ठेव." तिला रडू आवरेना. "तुमचा हात धरून म्हणत होते, ताई."

मोठीने नळ बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आता ही तोंड फिरवून निघून जाईल, असं धाकटीला वाटलं. तिला तेही चाललं असतं.

"मग मी काय वेगळं मागत होते?" मोठी म्हणाली.

धाकटीने मान वर केली.

"तेच. शब्दसुद्धा तेच. आठ दिवस." मोठीने रुमालाने नाक पुसलं. "माझा राग आहे देवावर, खोटं कशाला बोलू? चर्चला जाते आणि घुम्यासारखी बसून राहते. आमेनसुद्धा म्हणत नाही. त्याने माझं ऐकायला हवं होतं."

"हो," धाकटी कशीबशी म्हणाली.

खालून हाक आली, "वहिनी! येताय ना दोघी? मी पोचेन तुमच्याआधी!"

मोठीने खिडकीतून डोकावून पाहिलं. दीर फाटकाशी टेकून धापा टाकत होता. शर्टाचं एक बटण चुकलं होतं.

"काल तू बाजारात गेलीस तेव्हा भाऊजी खाली आले होते," ती खिडकीशी उभी राहूनच म्हणाली. "माझ्या चहाला नावं ठेवली आणि दोन कप प्यायले. मी बघत बसले. माझं मागणं जसंच्या तसं मान्य झालं असतं, तर हा माणूस आज नसता. मीच तसं मागितलं होतं."

धाकटीने हातातला कप ओट्यावर पालथा घातला.

"तेवढ्या एका गोष्टीसाठी काल देवाचे आभार मानले. बाकी आमचं भांडण आहे तसंच आहे." मोठी वळली. "आता तू साक्ष देतेस की मी उभी राहू? मी तोंड उघडलं तर पाळकांची पंचाईत होईल."

धाकटीने डोळे पुसले आणि चपला शोधू लागली.