उशी आणि ऊसी

रविवार, सकाळचे सव्वासहा. झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून मला हळूच ओढून काढलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी उशी बोलतेय. मोहरीची, तान्ह्या बाळाची. जेमतेम दीड वीत लांब. मद्रासला सैदापेटेत, भाड्याच्या दोन खोल्यांत माझा जन्म झाला. बाळ जन्मायच्या आधी काही शिवून ठेवायचं नाही, म्हणून सरोजाने बाळंतिणीच्या अंथरुणावर बसूनच मला शिवलं. आईच्या जुन्या मऊ लुगड्याची खोळ, आत मोहरी, आणि टाके अगदी जवळजवळ. एखादा दाणा निसटून बाळाच्या नाकात गेला तर, ही तिची भीती. टाके घातले तरी भीती गेली नाही ती नाहीच. रोज निजवायच्या आधी ती माझ्या शिवणीवरून बोट फिरवायची. बाळ गाढ झोपलं की पुन्हा भीती. मग नाकाजवळ हात धरून श्वास बघायची.

बाळाचं नाव विमला. माझं काम एवढंच की तिचं डोकं चपटं होऊ द्यायचं नाही. ती मान वळवील तशी माझ्यातली मोहरी सरकायची आणि डोक्याला जागा करून द्यायची. तिच्या केसांचा, दुधाचा, वेखंडाचा वास मला लागला होता. मला वाटायचं, आपला जन्म चांगला गेला.

विमलाचे वडील अनंतकृष्ण. घराणं तंजावरकडचं मराठी, नोकरी गिंडीच्या नव्या कारखान्यांच्या वसाहतीत, पंप बनवणाऱ्या कंपनीत. तिथले मॅनेजर कृष्णस्वामी दर रविवारी गोल्फ खेळायचे. बाहेरची मोठी गिऱ्हाइकं मैदानावरच खूश होतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याबरोबर खेळू शकेल असा माणूस त्यांना हाताखाली हवा होता. झालं. आमच्या घरात गोल्फ आला.

पण यांचा, म्हणजे अनंतकृष्णांचा, चेंडू सरळ जाईना. उजवीकडे वळायचा आणि झाडीत शिरायचा. कृष्णस्वामींनी दोष सांगितला. काठी बाहेरून आत येते, ती आतून बाहेर गेली पाहिजे. चेंडूच्या पलीकडे थोड्या अंतरावर काहीतरी मऊ ठेवा, काठी त्याला लागली की समजा चुकलं. यांनी बुटाचा खोका ठेवला, तो फुटला. कापसाची उशी ठेवली, ती समुद्राच्या वाऱ्याने गडगडत गेली. मग यांची नजर माझ्यावर पडली. जड, जागची न हलणारी, आणि लागलं तरी काठी न मोडणारी.

सरोजा जागी झाली तेव्हा मी यांच्या बगलेत होते.

"अहो, तिच्या डोक्याखालची आहे ती."

"तासाभरात आणतो. तोवर टॉवेलची घडी ठेव."

तो तास काही संपला नाही. रविवार गेले, मग सुटीचे दिवस गेले, मग ऑफिस सुटल्यावरच्या संध्याकाळीही. मी मैदानावर गवतात पडून राहायची आणि लोखंडी काठी माझ्या अंगावर यायची. लागली की हे माझ्याकडेच रागाने बघायचे, जणू मीच मधे आले. एवढी माणसं बघितली त्या मैदानावर, पण चेंडू वाकडा गेला आणि कुणी स्वतःच्या हाताकडे बघितलं, असं मी पाहिलं नाही. वाऱ्याकडे बघतील, बुटाकडे बघतील, उशीकडे बघतील.

माझी शिवण उसवली. मोहरी गवतात सांडली. घरी आले की सरोजा स्वयंपाकघरातल्या डब्यातली मोहरी भरून मला पुन्हा शिवायची. सोमवारी मी बाळाच्या डोक्याखाली जायची, पण माझ्या अंगाला आता गवताचा आणि मातीचा वास. सरोजा खोळ धुवायची, हुंगायची, पुन्हा धुवायची. "बाळाची उशी द्या," एवढंच तिचं मागणं. हे मैदानावर सांगून हशा पिकवायचे, "आमच्या घरी नवऱ्यावाचून अडत नाही, उशीवाचून अडतं."

काठी बाहेरून आत आणायची नाही, हे यांना जमायला महिने लागले. स्वतः बाहेरून आत यायचं नाही, हे मात्र लवकर जमलं. दिवेलागण झाली तरी घरी पत्ता नसायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ही माणसं घरात मराठी बोलतात आणि दारात तमिळ. घरातल्या मराठीतही तमिळ शब्द असे मुरलेत की आपला कुठला आणि तिकडचा कुठला ते त्यांनाही सांगता येणार नाही. डॉक्टर टोचतो त्या सुईला तमिळमधे ऊसी म्हणतात, आमच्या घरीही ऊसीच. आणि मी उशी. तंजावरकडच्या म्हाताऱ्या तोंडात श आणि स यांत फारसा फरक राहत नाही.

विमलाला पाचवा महिना चालू होता. शनिवारी रात्री तिचं अंग तापलं. रविवारी सकाळी यांनी निघताना तिच्या कपाळाला हात लावला. "दात येत असतील," म्हणाले. त्या दिवशी आवडी गावच्या सरकारी कारखान्यातले साहेब खेळायला येणार होते. हे मला घेऊन स्कूटरवर बसले आणि गेले.

मागे घरी काय झालं ते मला नंतर कळलं. ताप चढला. बाळ मान ताठ करून रडायला लागलं, मग रडेनासं झालं. सरोजा तिला खांद्यावर घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे धावली. डॉक्टर म्हणाला, लगेच ऊसी द्यायला हवी, पण औषध माझ्याकडचं संपलंय. माउंट रोडवर रविवारी उघडं असणारं दुकान आहे, तिथून स्कूटरवर कुणी आणा, मी थांबतो. स्कूटर तर यांच्याकडे, आणि रिक्षा कुठे दिसेना. मग सरोजाने तुळजाजीकाकांना पाठवलं. काका म्हणजे यांचे चुलते, थकलेले, आमच्याकडेच राहायचे. ते सैदापेटेहून गिंडीच्या मैदानापर्यंत उन्हात चालत आले.

मी गवतात होते. मला ते कुंपणापाशी दिसले. धोतर बघून राखणदाराने त्यांना बाहेरच थांबवलं. पाहुणे साहेब जवळच उभे होते. चारचौघांत घरचं काही सांगायचं तर ते मराठीत, म्हणजे परक्याला कळत नाही, ही या लोकांची जुनी रीत. काकांनी तीच पाळली. तमिळमधे बोलले असते तर ऊसी म्हणजे ऊसीच झाली असती.

धापा टाकत ते म्हणाले, "अनंता, बाळाक ऊसी पायजे. सरोजाने लगेच बोलावलंय."

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. मला वाटलं, माझीच आठवण झाली, मलाच न्यायला आलेत.

यांचा चेहरा पडला. साहेबांदेखत उशीसाठी माणूस धाडते म्हणजे काय. तरी हसून म्हणाले, "दुपारी घेऊनच येतो म्हणून सांगा."

काकांना बरं वाटलं. घेऊन येतो म्हणाला, म्हणजे काम झालं. ते वळले आणि परत चालायला लागले. ते लांब गेल्यावर कृष्णस्वामींनी काय म्हणून विचारलं. यांनी तमिळमधे सांगितलं, बाळाची उशी हवीय म्हणे. सगळे हसले.

त्या दिवशी यांची काठी मला एकदाही लागली नाही. एकही चेंडू वाकडा गेला नाही. कृष्णस्वामींनी पाठीवर थाप मारली.

घरी सरोजा दारात उभी राहिली. घेऊन येतो म्हणालेत, असं तिने डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर थांबला, मग त्याला दुसरीकडून बोलावणं आलं. ती दारातून हलली नाही. रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला की बाळाला उचलायची, स्कूटर पुढे गेली की पुन्हा खांद्यावर टाकायची.

हे आले ते शीळ घालत. मला तिच्यापुढे धरून म्हणाले, "घे बाई, तुझी उशी."

तिने त्यांच्या हाताकडे बघितलं. मग स्कूटरकडे.

"ऊसी कुठे आहे?"

"ही काय."

मग तिला कळलं. तिच्यानंतर त्यांना. काका ओट्यावर बसले होते, त्यांना सगळ्यात शेवटी. सरोजा मला ओलांडून, अनवाणी, बाळाला घेऊन रिक्षाकडे चालू लागली. मी उंबऱ्यावर पडले होते.

विमला वाचली. मोठ्या इस्पितळातून घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. दृष्ट लागली म्हणून सगळे म्हणाले, आणि माझ्यातलीच मूठभर मोहरी काढून तिच्यावरून ओवाळून चुलीत टाकली. ती तडतडली. सगळे दचकले. विमला दचकली नाही.

सरोजाने ते बघितलं. तिने मागे जाऊन पितळी झाकण जमिनीवर टाकलं. पुन्हा टाकलं. पुन्हा. शेजारची विशालाक्षी काय पडलं म्हणून धावत आली. विमला छताकडे बघून हात हलवत होती.

हे काही महिने मैदानावर गेले नाहीत. मग जायला लागले. मॅनेजरच्या हाताखालची खुर्ची मिळाली. एक चांदीचा पेलाही मिळाला, तो काचेच्या कपाटात आहे. पाहुण्यांना ते सांगतात, दोष वेळेवर कळला की सुधारता येतो. काका मात्र त्यानंतर कुणाचा निरोप घेऊन कुठे गेले नाहीत. घरात ते आता अगदी कमी बोलतात, आणि बोलले की समोरच्याकडून आपलं वाक्य परत म्हणवून घेतात.

एकदा यांनीच विषय काढला. म्हणाले, "काका उशी म्हणाले की ऊसी, ते नीट ऐकूच आलं नाही गं."

सरोजा विमलाची वेणी घालत होती. तिने मान वर केली नाही. "तिला आता दोन्ही सारखंच," म्हणाली.

विमलाचं डोकं छान गोल झालंय. माझं काम मी केलं.

आता मी माळ्यावर आहे, अर्धी रिकामी. विशालाक्षीला दिवस गेलेत. तिने मला मागितलंय, आणि सरोजा मला उन्हात घालून, नवी मोहरी भरून देणार आहे. पुन्हा कुणाच्या तरी तान्ह्या डोक्याखाली जायचं. मला भीती वाटते. ती सरोजाकडूनच आली असेल, तिच्याच हाताने शिवलीय मला.

तुम्ही वाचताय, तर एवढं करा. घरून निरोप आला आणि चार माणसं बघत असली, तरी हसण्यावारी नेऊ नका. हातातली काठी खाली ठेवा, जवळ जा आणि विचारा, काय म्हणालात, पुन्हा सांगा. हे ज्या घरात दोन भाषा बोलतात तिथे आधी सांगा. मग एकच भाषा बोलतात तिथेही सांगा.