मास्तरांची धास्ती

चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, पण मास्तरांनी गिऱ्हाइकाचं माप कधी कागदावर लिहिलं नाही. टेप गळ्यात, खडू कानामागे आणि बाकी सगळं डोक्यात. दहा वर्षांनी उगवलेल्या माणसालाही ते सांगायचे, "खांदा तोच आहे, पोट मात्र दोन इंच सुटलंय." लोक थक्क व्हायचे. मास्तर हसायचे नाहीत. स्वभावच तसा, एक टीप वाकडी गेली तर अख्खी बाही उसवणारा माणूस.

एकाहत्तराव्या वर्षी एका वकिलाच्या कोटाची बाही त्यांच्या हातून बोटभर आखूड झाली. वकील म्हणाला, "होतं हो मास्तर. आत कापड दुमडलेलं आहे ना, सोडा थोडं." पण मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचे वडील याच वयात पोटच्या मुलाला ओळखेनासे झाले होते. "आमच्या रक्तातच आहे ते," म्हणाले आणि त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं.

बायको अगदी उलट, जन्माची विसराळू. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधायची, किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवायची आणि सापडल्या की स्वतःच खो खो हसायची. सत्तरी उलटल्यावर ती गाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात शिरली आणि एक अक्षर कळत नसलेल्या भाषेतली गाणी पाठ करून आली. मास्तर मात्र दिवसेंदिवस मिटत गेले. पत्ते बंद, मित्रांकडे जाणं बंद. कुणाचं नाव घ्यायची वेळ आली की विषयच सोडून द्यायचे.

शेवटी लेकीने दोघांना तपासायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पंधरा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मास्तरांना अकरा आठवले, बायकोला आठ.

"तुमची स्मरणशक्ती वयाच्या मानाने चांगली आहे," बाई म्हणाल्या. "जमणारच नाही असं धरून तुम्ही प्रयत्नच सोडलाय."

"चार गेले की," मास्तर म्हणाले.

"माझे तर सात गेले!" बायको म्हणाली. "येतील फिरून संध्याकाळपर्यंत."

त्या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं. इस्पितळात एका दुपारी ती म्हणाली, "अहो, आपण पहिल्यांदा भेटलो ते सांगा ना. माझ्या डोक्यात सगळा गुंता झालाय. तुमच्याकडे नीट असेल."

मास्तरांच्या मनात आलं, एखादी गोष्ट चुकली तर? आणि तीही हिच्यासमोर, अशा वेळी?

"मला नाही गं आठवत," ते म्हणाले.

"बरं, मग मीच सांगते."

तिने सांगितलं. मावशीचा निळा कोट दुरुस्तीला आणला होता म्हणे, आणि मंगळवार होता. मास्तरांना लख्ख ठाऊक होतं, कोट करडा होता, शनिवार होता, आणि बटण हरवल्याचं सांगताना तिचे डोळे भरून आले होते. पण ते नुसते तिचा हात धरून बसले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

महिनाभराने लेक आईचं कपाट आवरत होती. काही विचारलं नसताना मास्तर दारात उभे राहून बोलू लागले. पहिल्या भेटीत आई कुठल्या स्टुलावर बसली होती, पहिलं वाक्य काय बोलली, हातमोज्याच्या कुठल्या बोटाला भोक होतं. इस्पितळातली ती दुपारही सांगितली. लेकीच्या हातातली शाल तशीच राहिली.

"बाबा, मग आईला का नाही सांगितलंत?"

मास्तर पलंगाच्या कडेवर टेकले. "चुकलं असतं तर?"

"तिने कुठे बरोबर सांगितलं? चुकला असतात तर हसली असती ती."

"हसली असती," मास्तर म्हणाले. मग ती गेल्यापासून पहिल्यांदाच ते रडले, लहान मुलासारखे, तोंडावर हात न घेता.

त्यानंतर मास्तर बोलू लागले. अडखळत, चुकत, पण भरभरून. ऐकायला मात्र एकटी लेक, तीही रविवारपुरती.