गाळलेलं पाणी

त्रिशलेच्या बाबूजींनी, देवेंद्रकुमारांनी, अन्न सोडलं होतं. पोटातला कॅन्सर पाहून डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा म्हाताऱ्यानं सल्लेखनेचं, अन्नपाणी सोडून देह ठेवायचं, व्रत घेतलं. पाणी तेवढं ठेवलं. ते कायले ठेवलं, हे एकट्या त्रिशलेला ठाऊक. लेकीच्या प्रयोगाचा निकाल कळेपर्यंत त्यांना मरायचं नव्हतं.

प्रयोग लेकीचा कुठला, त्यांचाच होता! मुंबईच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ म्हणून उभी हयात गेली त्यांची. युरेनियमचा अणू फुटला की जे तुकडे पडतात, त्यांत पॅलेडियम आणि रोडियम हे धातूही असतात. साधेच पॅलेडियम-रोडियम त्या प्रमाणात मिसळून पूड केली, तर चुंबक ती लोखंडासारखी ओढतो, असा त्यांचा दावा. दुसऱ्या कुणाच्या हातून काही ती ओढली गेली नाही. लोक हसले. "त्यायले पूड धुताच येत नाही!" असं बाबूजी म्हणायचे खरे, पण ते हसणं त्यांच्या उरात सलत राहिलं. रिटायर होऊन शिरपूरला परतले, तरी सल गेला नाही.

त्रिशला वाशिमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं त्यांनी सांगितल्याबरहुकूम पूड धुतली, भट्टीत तापवली, तराजूला बांधून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगली. पारडं खटकन खाली! तिनं घरी सांगितलं तेव्हा बाबूजींचे डोळे भरून आले.

"अजून एक डाव कर, बेटा. मंग मी सुखानं जातो."

आणि नेमकं त्याच डावाला गळणं घरी राहिलं. जैनाच्या घरात पाणी गाळल्याबिगर ओठाला लावत नाहीत. बाबूजी तर प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याच्या नळालाही गळण्याचं फडकं बांधायचे. ते मुंबईला असताना त्यांची बायको अंगुरीबाई शिरपूरच्या विहिरीवर धुतलेलं गळणं दरसाल धाडायच्या. त्रिशलेनंही तोच नेम धरला होता. एखाद्या दिवशी चालतं, म्हणून तिनं तशीच पूड धुतली.

पारडं जेमतेम थरथरलं.

फरक काय तो एका गळण्याचा. दुसऱ्या दिवशी तिनं गळण्याचा कोपरा कापून नेला, जाळला, राख आम्लात विरघळवली आणि लोह ओळखायचं द्रावण टाकलं. रक्तासारखं लाल! विहिरीच्या ज्या गंजानं घरच्या घागरी तांबूस व्हायच्या, तोच गळण्यात बसला होता आणि तापवल्यावर पुडीत मुरत होता. पुडीला लोखंडासारखी ओढ होती, कारण तिच्यात लोखंडच होतं. अरे देवा! पाण्यातले जीव वाचवायला बांधलेलं फडकं, त्यानंच बापाची हयात खाल्ली.

सांगायचं नाही, असं ठरवूनच ती घरी आली.

"काय झालं?" बाबूजींनी विचारलं.

"तेच आलं, बाबूजी. पारडं खाली गेलं."

"गळणं बांधलं होतं ना?"

"हो."

"खोटं कायले बोलतं व माय?" अंगुरीबाई भाबडेपणानं म्हणाल्या. "काल तं ते दांडीवर वाळून राह्यलं होतं. अन् आज पाह्यतो तं कोपरा कापेल हाये!"

म्हातारा शास्त्रज्ञ होता. दांडीवरच्या त्या तांबूस फडक्याकडे त्यांनी पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे.

"लोखंड?"

त्रिशलेनं मान खाली घातली.

"म्हणजे ते हसत होते, ते बराबर होते," बाबूजी म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

संध्याकाळी अंगुरीबाईंनी गाळलेलं पाणी वाटीत आणलं. बाबूजींनी हात जोडले आणि वाटी परत पाठवली. त्रिशला गयावया करत राहिली. "चूक फडक्याची, बाबूजी. तुमची नाही. घोटभर तरी घ्या." व्रत दुःखात घ्यायचं नसतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तेही तिनं बोलून पाहिलं. ओठ काही उघडले नाहीत.

पाणीही सोडलं, ही बातमी गावभर झाली. ओसरीवर माणसं मावेनात. णमोकार मंत्राचा जप सुरू झाला. बाया अंगुरीबाईंच्या पाया पडत होत्या आणि त्या रडता रडता अभिमानानं सगळ्यांना सांगत होत्या, "पाण्याचाही मोह उरला नाही त्यायले!"

शेजारच्या गोमतीबाईंनी त्रिशलेला जवळ घेतलं. "नशीबवान हायेस, पोरी. असं वैराग्य कोणाच्या बापाले भेटते?"

हे वैराग्य नाही, असं ओरडून सांगावंसं तिला वाटलं. पण आई समोर होती, आणि हातात ते गळणं घेऊन ती आल्यागेल्यांसाठी पाणी गाळत होती.

"हो," त्रिशला म्हणाली.