साय न घातलेला केक

मी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. बुडाला पोचा आहे, झाकण कधीच हरवलं, आणि आता नीट उभं राहायचाही कंटाळा येतो.

चंद्राबाईंनी मला म्हसवडच्या यात्रेत घेतलं, तेव्हा त्यांचा धैर्यशील चार वर्षांचा होता. त्याच्या वाढदिवसाला त्या मला आतून साय चोळायच्या, पिठातही घरच्या म्हशीची वाटीभर साय फेटायच्या आणि कुकरमधल्या तापल्या वाळूत मला बसवायच्या. तीस वर्षं असा भाजून निघालो. धैर्यशील फौजेत गेला, तरी रजेवर आला की केक ठरलेला. पहिला तुकडा आईच्या तोंडात, मग बाकीच्यांना.

दिवाळीनंतर सांगलीच्या डॉक्टरांनी चंद्राबाईंना हृदयाचा आजार सांगितला. साय, लोणी, तूप बंद.

"त्याला कळवायचं न्हाई," त्यांनी सुनेला, उत्कर्षाला बजावलं. "तिकडं ड्युटी करंल का माझा घोर करंल?"

गेल्या आठवड्यात तो येणार म्हणून फोन आला. केक केला नाही तर तो विचारणार, केला तर आईला भरवणार.

"आवं आत्या, सायीच्या जागी तेल घालू," उत्कर्षा म्हणाली. आधी तिनं वाटीला वाटी तेल घातलं. केक मधोमध बसला, हात तेलकट झाले, सगळा म्हशीच्या घमेल्यात गेला. दुसऱ्या दिवशी पाऊण वाटी तेल आणि थोडं दही घातलं. छान फुगला. मला मात्र ते तेल अंगाला परकंच वाटत होतं.

धैर्यशील आल्यावर पुन्हा तसाच केक केला. त्यानं पहिला तुकडा आईला भरवला, मग स्वतः खाल्ला. चावता चावता थांबला.

"आई, साय न्हाई घातलीस?"

"म्हस आटलीया रं."

"सकाळी मीच धार काढली की."

त्यानं आईकडं निरखून बघितलं. मग त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणला?"

उत्कर्षानं रडत रडत सगळं सांगितलं. त्यानं उरलेला केक संपवला आणि मला नळाखाली नेऊन स्वतः घासलं. घासून झालं तरी तो मला चोळतच होता.

"आता तेलच घालत जावा," तो आत न बघता म्हणाला.

मी खरंच दमलोय. तरी एवढ्यात मला भंगारात घालू नका. पुढच्या रजेला मला पुन्हा वाळूत बसवा, तेल घाला, काय हवं ते घाला. पहिला तुकडा खायला तेवढ्या चंद्राबाई असू द्या.