कारखानीसांचा पाचवा बळी

उकंडराव संत्र्याच्या बागेतून घरी आले तेव्हा अंगणात गोपालची गाडी उभी होती. गोपाल त्यांचा थोरला मुलगा. बुलढाण्यात त्याचा प्लॉट विकायचा धंदा होता आणि आता शहराबाहेरच्या जागेत तो क्रिकेटची अकादमी काढत होता. उद्घाटन परवावर आलं होतं, म्हणून आई-वडलांना न्यायला तो स्वतः सोनाळ्याला आला होता.

“पाहुने कोन येऊन राह्यले, सांगा बरं बाबा,” तो म्हणाला. “दिगंबर कारखानीस. तुमच्यासंगं इंग्लंडले होते ते. मी फोन केला तं तेच म्हनले, उकंडराव येत असतीन तं मी नक्की येतो.”

उकंडराव खाटेवर बसले. त्यांच्या तोंडाला खारट पाणी सुटलं होतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

“मी येत नाई,” ते म्हणाले.

“काऊन?”

सोजराबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या दौऱ्याबद्दल नवऱ्याच्या तोंडून त्यांनी फारसं कधी ऐकलं नव्हतं. ते भारताच्या संघाबरोबर इंग्लंडला गेले होते, एकही कसोटी न खेळता परत आले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी क्रिकेट सोडलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गावालाही तेवढंच ठाऊक होतं.

उकंडरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

नागपूरला कॉलेजात असताना ते विदर्भाकडून खेळायचे. बॅटिंग बेताची होती, पण बॅटसमोर हातभर अंतरावर वाकून उभं राहावं आणि झेल घ्यावेत ते त्यांनीच. त्या हातांमुळे त्यांची राखीव खेळाडू म्हणून निवड झाली. इंग्लंडात त्यांनी पाणी नेलं, टॉवेल नेले, थंडीत ते बोटं काखेत दाबून बसून राहिले. कारखानीस संघातला मोठा फिरकी गोलंदाज. ‘उकंड’ हे नाव उकिरड्यावरून पडतं हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून उकंडराव खोलीत आले की तो नाक धरायचा आणि बाकीचे हसायचे.

तिसऱ्या कसोटीत एक जण जखमी झाला आणि उकंडरावांना क्षेत्ररक्षणाला आत पाठवलं. कारखानीस गोलंदाजी करत होता. त्याचे चार बळी झाले होते आणि परदेशात पाच बळी त्याला कधी मिळाले नव्हते. चेंडू फलंदाजाच्या बॅटला लागून खाली आला, उकंडरावांनी पुढं झेप घेऊन तो उचलला. सगळे ओरडले. पंचांचं बोट वर गेलं. फलंदाज निघालाही.

“पन बॉल भुईले लागला होता,” उकंडराव म्हणाले. “माह्या बोटाईले कळलं ना. मी पंचाले जाऊन सांगतलं. त्यानं त्या गोऱ्याले परत बलावलं. मंग तो गोरा काही हलला नाई. दीड दिवस खेळला. आपन हारलो.”

“मंग?” गोपालनं विचारलं.

“मंग काही नाई. दौरा सरेपर्यंत माह्यासंगं कोनी बोललं नाई. जेवाच्या टेबलावर मी बसलो का बाकीचे उठत. अन् हे सारं कारखानीसनं लावलं होतं.”

आणखी एक गोष्ट होती. ती त्यांच्या तोंडाशी आली, पण बायको आणि मुलासमोर त्यांना ती सांगवली नाही.

गोपालनं मान हलवली. “वाईटच झालं. पन बाबा, पन्नास वर्षं झाले त्याले. आता म्हातारा झाला तो मानूस. तुम्ही असान तरच येतो म्हने. माफी मागाची असंन त्याले.”

माफीचं ऐकून उकंडरावांचा नकार ढिला पडला. सोजराबाईंनीही म्हटलं, “मानसाले वय झाल्यावर सुचते कधी कधी. चाला.” आणि ते निघाले.

कार्यक्रम सकाळी होता. मांडव भरला होता. पालक होते, नव्या कपड्यांतली पोरं होती, दोन-तीन पक्षांचे पुढारी होते. कारखानीस गाडीतून उतरला. जाड झाला होता, केस काळे केले होते. त्यानं उकंडरावांना सगळ्यांसमोर मिठी मारली. त्याच्या शर्टाला अत्तराचा दाट वास होता आणि त्याखाली घामाचा. उकंडराव वाट पाहत राहिले. पण कारखानीस त्यांच्या कानात एवढंच म्हणाला, “काय उकंड्या, जाडजूड झालास की. शेती बरी दिसते.” आणि पुढाऱ्यांकडे वळला.

भाषणाला उभा राहिल्यावर त्यानं घसा साफ केला आणि रुमालानं ओठ पुसले. त्याच्या ओठांच्या कडांना बोलताना सारखा फेस यायचा, तो तरुणपणीही यायचा.

“आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो,” तो म्हणाला. “या उकंडरावांची आणि माझी. इंग्लंडातली कसोटी. माझे चार बळी झालेले. मी चेंडू टाकला आणि यांनी झेल पकडला. पाचवा बळी. सगळा संघ नाचतोय. पण मी पाहिलं, चेंडूनं टप्पा घेतला होता. हे बिचारे लहान, गोंधळलेले. मी स्वतः पंचांकडे गेलो आणि म्हणालो, त्याला परत बोलवा. तो परत आला, त्यानं शतक ठोकलं, आपण सामना हरलो. कर्णधार माझ्यावर भडकला. पण मी उकंडरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, बाळ, बळी उद्याही मिळेल, इमान उद्या मिळणार नाही.”

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पालक पोरांकडे पाहून माना डोलवत होते. उकंडरावांनी गोपालकडे पाहिलं. गोपाल त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होता. खरं काय झालं ते त्यानं परवाच त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. तो टाळ्या वाजवत होता. वर हात करून, सगळ्यांना दिसतील अशा.

मग उकंडरावांच्या अंगावर शाल पडली आणि कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. त्यांना भाषणाची सवय नव्हती.

“कारखानीस साहेबांनी सांगतलं तसं झालं नाई,” ते म्हणाले. “पंचाले मी सांगतलं. ते तं मले शिव्या देत होते.”

पुढाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कारखानीस हसत होता, लहान मुलाच्या बोबड्या बोलांना हसावं तसं. गोपाल उठला. त्यानं वडलांच्या हातातून माईक हळूच काढून घेतला आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाला, “बाबांचं आता वय झालं आहे. अलीकडे त्यांना नीट आठवत नाही. आपण समजून घ्यावं.”

लोकांनी समजून घेतलं. मायेनं हसले, पुन्हा टाळ्या वाजवल्या. एका बाईनं तर डोळ्याला पदर लावला.

उकंडराव स्टेजवरून उतरले, मांडवामागं हात धुवायच्या नळांपाशी गेले आणि भडभडून ओकले. सकाळचा चहा, पोहे, सगळं पडलं. सोजराबाई मागोमाग आल्या. त्यांनी त्यांची पाठ धरली, चूळ भरायला पाणी दिलं.

“गोपालनं असं कराले नव्हतं पाह्यजे,” त्या म्हणाल्या.

“तुले एक सांगतलं नाई मी,” उकंडराव म्हणाले. तोंड पुसून ते नळाच्या कट्ट्यावर बसले. “त्या झेलाच्या दुसऱ्या दिवशी मी बूट घातले. पाय आत घातला तं वलं लागलं. हात घालून पाह्यलं. थुंका होता. कारखानीस समोर बसून तोंड पुसून राह्यला होता. कर्नधारानं पाह्यलं अन् खिडकीतून भायेर पाह्यत राह्यला. दुसरे बूट नव्हते माह्यापाशी. तेच धुऊन मी पानी घेऊन गेलो मैदानात.”

सोजराबाईंनी शाल उचलून कट्ट्यावर ठेवली, पदर खोचला आणि त्या जेवणाच्या मांडवात गेल्या. उकंडराव उठून मागं गेले, पण त्या पुढं निघून गेल्या होत्या.

कारखानीस पुढाऱ्यांबरोबर जेवत होता. ताटात बासुंदी होती, बोटं त्यात बरबटली होती. गोपाल वाढप्याला सूचना देत जवळच उभा होता. सोजराबाई टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“तुमी ह्यायच्या बुटात थुंकले होते का?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

कारखानीसनं मान वर केली. क्षणभर त्याला कळलं नाही. मग आठवून त्याला हसू फुटलं.

“अहो वहिनी, ते अजून आठवतंय त्याला?” तो म्हणाला. “गंमत असते हो ती. खोलीतली थट्टा. सगळ्या संघांत चालते. माझा पाचवा बळी घालवला होता त्यानं, मग एवढं तर होणारच.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो घाईनं बासुंदी ओरपू लागला. शेजारच्या पुढाऱ्यानं घास तसाच हातात धरला होता. त्यानं तो ताटात ठेवला आणि ताट सरकवलं. दोघं-तिघं मात्र हसले. हे गमतीचंच चाललं आहे असं त्यांना वाटलं असावं.

“गोपाल,” सोजराबाई म्हणाल्या, “आयकलं ना तू?”

गोपालनं ऐकलं होतं. त्यानं आईचा दंड धरला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “आई, पाहुन्यायसमोर नको. जेवून घे. मी बोलतो मंग.” आणि वाढप्याला हाक मारून त्यानं कारखानीसच्या ताटात आणखी बासुंदी घालायला सांगितली.

सोजराबाईंनी आपला दंड सोडवून घेतला. दोघं नवरा-बायको तिथं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. गोपालच्या गाडीत बसायचं नाही असं दोघांनीही न बोलताच ठरवलं होतं. रिक्षानं स्टँडवर आले आणि खामगावची एसटी धरली. बोथ्याचा घाट उतरेपर्यंत उकंडराव खिडकीची काच उघडी ठेवून वाऱ्यात तोंड धरून बसले होते.

दिवाळीनंतर गोपाल सोनाळ्याला आला. अकादमी भरली होती. कारखानीसच्या भाषणाचा व्हिडिओ बुलढाण्यात घरोघरी गेला होता आणि पालक म्हणत होते, इथं पोरांना संस्कार मिळतील. ‘बळी उद्याही मिळेल, इमान उद्या मिळणार नाही’ हे वाक्य गोपालनं अकादमीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं, खाली कारखानीसचं नाव. फोनमधला फोटो त्यानं वडलांना दाखवला.

“चुकलं माह्यं, बाबा,” तो म्हणाला. “तवा घाबरलो मी. एवढे लोक होते. पन आता पोरं येऊन राह्यले. तुम्ही या एकदा. पोराईले झेल शिकवा.”

उकंडरावांनी फोटो पाहिला. “भिंत पुस,” ते म्हणाले.

“बाबा, लोकाईले आवडलं ते.”

“तुले खरं माहीत आहे अन् तू ते रोज पोराईकडून वाचून घेते. कारखानीस थुंकला तवा मले एवढी किळस नाई आली.”

भिंत पुसतो असं काही गोपाल म्हणाला नाही. आईनं दिलेला चहा त्यानं घेतला आणि निघून गेला.

तो गेल्यावर सोजराबाई म्हणाल्या, “राग किती दिवस धरसान? पोरगा आहे आपला.”

“राग नाई धरला,” उकंडराव म्हणाले. “राग असता तं उतरला असता. त्याच्या ताटाजवळ बसलो का घास उतरत नाई, काय करू?”

भिंतीवरचं वाक्य अजून आहे. गोपाल महिन्या-दोन महिन्यांनी सोनाळ्याला येतो, आईशी बोलतो, जेवतो. त्याची गाडी अंगणात शिरली की उकंडराव उठून बागेत जातात, आणि ती गेल्याचा आवाज आला की परत येतात.