मोहरीची राख

दुष्काळात आमच्या नगरच्या गल्लीत एकच तुकडा हिरवा होता, आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी मला किळस यायची. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी तिथे वर्षानुवर्षं चालली होती. भट्टी बंद पडली, पण मातीत विष मुरलं. आमचे हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मोहरी मातीतलं शिसं ओढून घेते म्हणून त्यांनी गटाराच्या पाण्यावर तिथे मोहरी लावली. पाल्याला कुणी हात लावला तर अंगावर धावून जायचे. गुरांनी खाऊ नये म्हणून शेवटी सगळी उपटून जाळली.

त्याच दिवशी मी शेवगावला माहेरी गेले. सकाळी परत आले तेव्हा आमची कामवाली बनुबाई मोरीत भांडी घासत होती. तिच्यापुढे डबाभर राख होती.

"आपल्याकडे तर स्टोव्ह आहे. ही राख कुठली गं?"

"सरांच्या मोहरीची. लई मऊ हाय. समद्या गल्लीनं घमेली भरून नेली."

मी तशीच मागच्या दारी गेले. हे दात घासत उभे होते.

"मोहरीची राख कुठे आहे?"

"तिथेच पडलीय. सगळं शिसं तिच्यात उतरलंय. रविवारी खड्डा करून पुरणार."

"तोवर कुणी नेली तर?"

"वेडी आहेस का? राख कोण नेतंय?"

हे हसले. दातांना आणि हिरड्यांना बनुबाईच्या डब्यातली तीच राख माखलेली होती.