हा कोट मी काढणार नाही!

उल्का घरात जे लपवून आणायची ती काही दारू नव्हती, की चोरीचा माल नव्हता. निळ्या नक्षीच्या सहा बश्या असायच्या, कॉफी दळायची पितळी चक्की असायची, कधी कुणा आजीबाईंच्या तरुणपणातला मखमली झगा असायचा. पण जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमधल्या आपल्या घरात ती दर गुरुवारी चोरासारखी शिरायची. आधी पिशवी खाली केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या खोलीत ठेवायची आणि मग रिकाम्या हातांनी तीन जिने चढायची. नवरा कामावर गेला की एकेक वस्तू वर यायची. "ही केव्हा घेतलीस?" असं त्याने विचारलं तर "आहे की कधीची!" हे उत्तर ठरलेलं. हसू नका. असं एखादं खोटं तुमच्या-आमच्या घरातही रोज चहाबरोबर गिळलं जातंच!

२०१३ सालच्या सप्टेंबरात मात्र ती पकडली गेली. एका बशीच्या तळाला किमतीची चिठ्ठी तशीच राहिली होती.

"दीड युरो?" श्रीधरने बशी उलटी धरून विचारलं. "म्हणजे चर्चमागच्या त्या चॅरिटीच्या दुकानातून?"

"हो. मग? बशी आहे ती, बॉम्ब नाही."

"लोकांनी वापरून टाकलेल्या बशीत जेवायचं आपण? भिकेला लागलोय का?"

"आणि हॉटेलात तुला दर वेळी कोरी बशी काढून देतात वाटतं?"

श्रीधर आणखीच चिडला. बश्या पुन्हा केलरमध्ये गेल्या आणि दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

तसा श्रीधर वाईट माणूस नव्हता हो! गाड्यांच्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर, कामात चोख, घरी भांडीसुद्धा घासायचा. वापरलेली वस्तू दिसली की मात्र त्याचं डोकं फिरायचं. या रागाला कारण होतं. वडील लवकर गेले आणि त्याच्या आईने, शोभनाबाईंनी, पुण्यात चार घरचा स्वयंपाक करून त्याला वाढवलं. दहावीपर्यंत त्याच्या अंगावर त्या चार घरांतले उतरलेले कपडे होते. पहिल्या पगारात त्याने दोन नवे शर्ट घेतले आणि त्याच दिवशी ठरवलं, यापुढे दुसऱ्याचं काहीही अंगाला लावायचं नाही. इथवर कोणी त्याला नावं ठेवणार नाही. पण वोल्फ्सबुर्गला आल्यावर मराठी मंडळात कोणीतरी विचारलं, "आई काय करायच्या?" आणि श्रीधर बोलून गेला, "शाळेत मुख्याध्यापिका होत्या." एकदा तोंडातून गेलं ते गेलं. सहा वर्षं शोभनाबाई जर्मनीत मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता!

ऑक्टोबरात त्या तीन महिन्यांसाठी आल्या. श्रीधरने त्यांच्यासाठी आधीच एक लालभडक फुगीर जाकीट मागवून ठेवलं होतं. ते घालून त्या एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "गादी गुंडाळून फिरल्यासारखं वाटतंय रे. त्या चेनमध्ये पदर अडकतो." मग गुरुवारी उल्काने त्यांना बरोबर नेलं. मनात धाकधूक होतीच, की सासूबाई दारातूनच परत फिरतील.

शोभनाबाई दारातून फिरल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

त्या दुकानात काय नव्हतं! म्हातारी माणसं गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरांतून आलेली घड्याळं, काचेचे दिवे, नक्षीचे बिअरचे पेले, हाताने भरलेले टेबलावरचे रुमाल. उल्का कप उलटा करून तळाचा शिक्का बघायची, तर शोभनाबाई झग्याची शिवण उलटी करून बघत होत्या. "हा मशीनचा नाही, हाताने टीप घातलेली आहे. हे बघ, अस्तर वेगळं लावलंय. हा घेऊ नको, काखेत विरलाय." दुकान सांभाळणाऱ्या फ्राऊ बेरेन्स सत्तरीच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, शोभनाबाईंना जर्मन येत नव्हतं, आणि तरी दहा मिनिटांत दोघी एका कशिद्यावर बोट ठेवून मान डोलावू लागल्या.

आणि मग शोभनाबाईंना तो कोट दिसला. जाड लोकरीचा, बाटलीच्या हिरव्या रंगाचा, शिंगाच्या बटणांचा. इकडे त्याला लोडन म्हणतात. उजव्या खिशाचं अस्तर फाटलेलं होतं.

"हे मी शिवीन," त्या म्हणाल्या. "किती म्हणतायत?"

"नऊ युरो. पण आई... हा कुणीतरी वापरलेला आहे, चालेल ना? कदाचित ती बाई आता नसेलही."

"अगं, माणूस गेला असला तरी कोटाने काय पाप केलंय?"

पैसे त्यांनी स्वतःच्या बटव्यातून दिले. घरी आल्यावर उल्का केलरकडे वळली. "आई, कोट इथे ठेवू या. श्रीधरला हे आवडत नाही."

का आवडत नाही, हे शोभनाबाईंइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्यांनी कोट काही खाली ठेवला नाही. अंगात घालूनच त्या तीन जिने चढल्या. संध्याकाळी श्रीधरने "नवा घेतलात वाटतं? छान आहे," असं म्हटलं, आणि उल्काने घाबरून "हो" म्हणून टाकलं.

नोव्हेंबरात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. भाड्याचा हॉल, गरम व्हायला वेळ लागणारा. बाकीच्यांनी कोट दाराजवळच्या खुंट्यांना लावले, शोभनाबाईंनी थंडी वाजते म्हणून अंगातच ठेवला. दारात अत्तर लावायला मंडळाच्या अध्यक्षा नीलांबरीताई उभ्या होत्या. त्यांचे यजमान राजन हे कारखान्यात श्रीधरचे साहेब. शेजारी ते होतेच.

"या काकू, या! श्रीधर नेहमी सांगतात तुमच्याबद्दल. मुख्याध्यापिका होतात ना तुम्ही? आमच्या मुलांना चार श्लोक शिकवून जा हं!"

शोभनाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. त्या काही बोलणार तेवढ्यात नीलांबरीताईंचा हात कोटाच्या बाहीवर गेला.

"अय्या! हा तर माझा कोट! राजन, अरे बघ ना, माझा लोडन. शिंगाची बटणं! खिसा फाटला म्हणून उन्हाळ्यात दानात दिला होता मी!" आणि त्या मोठ्याने हसल्या. "अहो श्रीधर, मला सांगायचंत तरी! काकूंना आणखी दोन दिले असते, आहेत घरी तसेच."

मागच्या रांगेतून कोणीतरी खुसखुसलं. श्रीधरचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही... तसाच दिसतो फक्त. हा आम्ही बर्लिनहून घेतला," तो म्हणाला.

"छे! मी माझा कोट ओळखणार नाही? गेनाऊ, अगदी हाच!"

श्रीधर आईजवळ गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, काढ तो कोट."

शोभनाबाई हलल्या नाहीत.

"आई, काढ म्हणतोय ना! सगळे बघतायत."

"बघू देत!" शोभनाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थेट पहिल्या रांगेपर्यंत गेला. "हा कोट मी काढणार नाही!"

शोभनाबाईंनी उजवा खिसा बाहेर ओढून दाखवला. फाटलेल्या जागी बारीक, एकसारखे टाके होते.

"नीलांबरीबाई, तुमचं खरं आहे. हा कोट तुमचाच होता. खिसा फाटला म्हणून तुम्ही तो दिलात. मी तो शिवलाय, हे बघा. तो तुमच्याकडून मागून घेतला नाही मी. दहा कोट बघून, शिवण तपासून, माझे पैसे मोजून घेतलाय. आता हा माझा आहे."

"अहो काकू, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"मग कसं म्हणायचं होतं?"

शोभनाबाईंचा आवाज आता खाली आला, पण तो सगळ्यांना ऐकू येत होता.

"मी मुख्याध्यापिका वगैरे काही नव्हते. चार घरचा स्वयंपाक करायचे मी. पोळीला नाव ठेवायला जागा नसायची माझ्या! त्या घरांतले कपडे हा घालायचा. पाचवीत असताना एकदा असाच एक शर्ट घालून शाळेत गेला, तर त्याच घरातला मुलगा सगळ्या वर्गासमोर म्हणाला, हा माझा शर्ट आहे. पोरगं रडत घरी आलं. आणि मी काय केलं ठाऊक आहे? मी म्हटलं, काढ तो शर्ट, ठेवून दे, पुन्हा घालू नको. म्हणजे लाज आपली आहे असं मीच शिकवलं ना त्याला! तेव्हा बोलले असते तर काम गेलं असतं, म्हणून गप्प बसले. तीस वर्षं झाली त्याला. ती चूक मी आज परत करणार नाही. श्रीधर, बाळा, तू त्या दिवशी काहीच चुकीचं केलं नव्हतंस. चुकला तो, ज्याने ओरडून सांगितलं!"

एवढं बोलून त्यांनी खिसा आत ढकलला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. कोट घालूनच!

उल्काच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचीही हनुवटी आता वर झाली. "माझं हे मखमली जाकीट पण तिथलंच आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चार युरो. मघाशी तिघीजणींनी मला विचारलं, कुठल्या बुटीकमधून घेतलंस. आता सांगते, दर गुरुवारी दहा वाजता उघडतं ते बुटीक, चर्चच्या मागे!"

कोणीतरी हसलं, पण हे हसणं मघासारखं नव्हतं. श्रीधर मात्र मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. गाणी झाली, मुलांचा नाच झाला. त्याने त्यातलं काय पाहिलं कोण जाणे. शेवटी आभार मानायचं काम त्याच्याकडे होतं. तो माइकसमोर आला, खिशातला कागद काढला आणि न वाचताच परत ठेवला.

"सगळ्यांचे आभार," तो म्हणाला. मग त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे पाहिलं. "मी सहा वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. माझी आई शाळेत शिकवत नव्हती. ती लोकांच्या घरी स्वयंपाक करत होती, आणि त्या पैशांवर मी इंजिनियर झालो. मघाशी मी तिला कोट काढायला सांगितलं. आई, माझं चुकलं. मला माफ कर!"

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती राजनसाहेबांनी. नीलांबरीताईंनी मान खाली घातली होती. जेवणाच्या वेळी त्या पानात वाढलेली करंजी घेऊन शोभनाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. त्या काय बोलल्या ते कोणाला ऐकू आलं नाही, पण शोभनाबाईंनी करंजी घेतली.

त्यानंतरच्या गुरुवारी श्रीधरने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुकानात शिरताना त्याचे पाय अडखळले, खोटं कशाला सांगू? आयुष्यभराची अढी एका भाषणाने सुटत नाही. पण तो आत गेला. फ्राऊ बेरेन्सनी शोभनाबाईंना लांबूनच हात केला. श्रीधरने एक तपकिरी कॉर्डुरॉयचं जाकीट अंगात घातलं, आरशात पाहिलं, काढलं, पुन्हा घातलं. आईने बाह्यांची शिवण तपासून "घे" म्हटलं.

इतक्यात त्याचं लक्ष भांड्यांच्या कपाटाकडे गेलं. त्याच्याच विभागातले पद्माकर एका मोठ्या किटलीआड तोंड लपवून उभे होते! हातात एक उत्तम ओव्हरकोट. दुकानातल्या पिशवीवर त्यांनी महागड्या दुकानाची पिशवी चढवून तयार ठेवलेली. दहा दिवसांपूर्वीचा श्रीधर असता तर ओळख न दाखवता निघून गेला असता.

"काय पद्माकर!" त्याने मोठ्याने हाक मारली. "लपता कशाला? बाहेर या. आईला दाखवा तो कोट, अस्तर कसं आहे ते ती सांगेल तुम्हाला."

पद्माकर लाजत बाहेर आले. म्हणाले, "तीन वर्षं येतोय हो इथे. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

वाचकहो, आपल्यापैकी किती जण असे किटल्यांच्या आड उभे असतील! आपण जुनं देतो तेव्हा स्वतःला दाते समजतो, आणि तेच कोणी घेतलं की त्याला हिणवतो. वापरलेली चांगली वस्तू घेण्यात कसलाही कमीपणा नाही. देऊन झाल्यावरही "ते माझं होतं" असं चारचौघांत ऐकवण्यात मात्र आहे. तुम्ही देणारे असाल तर दिलेलं विसरायला शिका. आणि घेणारे असाल, तर जे निवडलंत, शिवलंत, अंगात घातलंत, ते तुमचं आहे. कोणी बोट दाखवलं, अगदी तुमच्याच माणसाने काढ म्हटलं, तरी काढू नका!